इंजिनाआधी पुढचा अ‍ॅक्सल

हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेली जुनी गाडी, म्हटलं की लोक आधी इंजिनाची चौकशी करतात. माझ्या मते आधी वाकून पुढचा अ‍ॅक्सल, म्हणजे पुढची दोन चाकं जोडणारा आडवा दांडा, बघावा.

१९३२ ची फोर्ड घ्या. तिचं व्ही-८ इंजिन ६५ अश्वशक्तीचं. पुढे अखंड अ‍ॅक्सल, त्यावर आडवा कमानपाटा (पट्ट्यांची स्प्रिंग), आणि ब्रेक लोखंडी सळयांनी ओढले जाणारे. एखाद्या सळईचा ताण कमी-जास्त झाला, की ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला खेचते. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले ते १९३९ च्या गाड्यांना. त्यांत तेलाचा दाब सगळीकडे सारखाच पोचतो, म्हणून हॉट रॉडवाल्यांनी ते काढून जुन्या गाड्यांना चढवले. हे हवंच होतं, कारण वेग दुप्पट झाला की ब्रेकना चौपट ऊर्जा जिरवावी लागते.

पण सगळ्यात जपावं लागतं ते कॅस्टरला, म्हणजे चाक ज्या खिळीभोवती वळतं तिच्या कलाला. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो ना, तसाच अ‍ॅक्सलमधला किंगपिन, म्हणजे ती खीळ, वरच्या टोकाला मागे कललेला असतो. त्याची रेघ खाली वाढवली, तर टायर जिथे टेकतो त्याच्या जरा पुढे ती जमिनीला लागते. म्हणजे टायर त्या बिंदूमागून फरफटत येतो आणि आपसूक सरळ होतो. हा कल सहसा ५ ते ७ अंश ठेवतात. आता गाडी बुटकी दिसावी म्हणून ४ इंच ड्रॉप असलेला (म्हणजे गाडी तेवढी खाली बसवणारा) अ‍ॅक्सल घातला आणि मागची उंची तशीच ठेवली, तर १०६ इंचांच्या व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) गाडी साधारण २ अंश पुढे झुकते. कॅस्टरही तेवढाच घटतो. ५ चे राहिले ३, आणि गाडी रस्त्यावर भरकटू लागते. म्हणून गाडी पूर्ण वजनानिशी स्वतःच्या टायरांवर उभी राहिल्यावरच कोन मोजावा.

स्टिअरिंगचंही तसंच. शेवरोले व्हेगा गाडीचा स्टिअरिंग बॉक्स लावून ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) अ‍ॅक्सलला समांतर, आडवी नेण्याची पद्धत चांगली आहे. पण आडवा पाटा शॅकलवर, म्हणजे झुलणाऱ्या जोडकड्यांवर, लटकलेला असतो. वळणावर बॉडी डावी-उजवीकडे सरकली, की तीच लिंक चाकं वळवते. हात मात्र स्टिअरिंगवर स्थिर! त्यावर उपाय म्हणून पॅनहार्ड रॉड, म्हणजे बॉडीचं आडवं सरकणं रोखणारा दांडा, लावायचा. तो ड्रॅग लिंकला समांतर आणि शक्यतो तिच्याच लांबीचा असावा, म्हणजे खड्ड्यात दोघांचे कंस जुळतात.