आधी राजीनामा, मग लिखाण?

नोकरीवर लाथ मारल्याशिवाय खरं लिखाण होत नाही, हे इतक्यांदा ऐकलंय की खरंच वाटायला लागतं. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप 1834 साली ब्रिटिश टपाल खात्यात कारकून म्हणून लागला. पहिली कादंबरी 1847 ची, राजीनामा थेट 1867 चा. मधल्या काळात तो रेल्वेच्या डब्यात पेन्सिलीने लिहायचा. पुढे पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, दर पाव तासाला 250 शब्द, आणि मग खात्याचं काम. पहाटे उठवणाऱ्या नोकराला तो त्यासाठी वर्षाला पाच पौंड जादा द्यायचा! कथा-कादंबरीकार काफ्का विमा संस्थेत होता, कवी टी. एस. एलियट 1917 ते 1925 बँकेत.

खरी गोम पैशांत आहे. पगार महिन्याला येतो. रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा, पुस्तकं विकली गेल्यावर, हिशेब झाल्यावर. प्रकाशकाने दिलेली आगाऊ रक्कमही बक्षीस नसते, पुढच्या रॉयल्टीतून ती वळती होते. शिवाय पूर्णवेळ लेखकाचा दिवस काही नुसता लिहिण्यात जात नाही. बिलं पाठवायची, थकलेल्या पैशांसाठी फोन करायचे, प्रुफं तपासायची. पण राजीनाम्याचा किस्सा सांगायला झकास, म्हणून तोच फिरत राहतो. पहाटेच्या साडेपाचचा कोण सांगणार?