'गोफाबो': चुकून पडलेल्या लाइकचा जपानी शब्द

चुकून पडलेल्या लाइकला जपानी ट्विटरकरांनी एक सुटसुटीत शब्द दिला: 'गोफाबो'. 'गो' म्हणजे चूक. 'फाबो' हे 'फेव्हरिट'चं तिथलं रूप; ट्विटरवर लाइकचं जुनं नाव तेच होतं. इंग्रजी शब्दाची पहिली चार अक्षरं जपानी वळणाने वाचली, की 'व्ह'च्या जागी 'ब' येतो. त्याला 'रु' जोडला की क्रियापद तयार: 'फाबोरु', म्हणजे लाइक करणं. आपण 'गुगलणं' म्हणतो, तसं ते 'गुगुरु' म्हणतात. ही खोड इंटरनेटच्याही आधीची आहे. काम किंवा तास बुडवणं या अर्थाचा 'साबोरु' हा शब्द फ्रेंच 'साबोताज'वरून सुमारे शंभर वर्षांपूर्वी असाच घडला.

पण चुकून लाइक पडला तर एवढं घाबरायचं कशाला? याचं उत्तर ट्विटरच्या आधीच्या काळात आहे.

फेब्रुवारी २००४ मध्ये जपानमध्ये 'मिक्सी' हे समाजमाध्यम सुरू झालं. सुरुवातीला निमंत्रणाशिवाय तिथे प्रवेश नव्हता. माणसं आपली रोजनिशी लिहायची, ओळखीचे येऊन वाचायचे. कोण येऊन गेलं, याची यादी लिहिणाऱ्याला दिसे. तिचं नाव 'आशिआतो', म्हणजे पाऊलखुणा. वाचून प्रतिक्रिया न देता गेलेल्याला 'योमिनिगे' म्हणत. खाऊन पैसे न देता पळणं म्हणजे 'कुइनिगे', तसं हे वाचून पळणं. या एका शब्दात केवढा ताण आहे! नुसतं वाचलं तरी माग राहतो आणि त्या मागाचा जाब द्यावा लागतो, हे तिथल्या पिढीच्या अंगवळणी पडलं होतं. २०११ मध्ये मिक्सीने पाऊलखुणांची ती सोय बंद केली, तेव्हा वापरणाऱ्यांनीच मोठा विरोध केला.

दुसरा धागा 'गोबाकु'चा. मूळ अर्थ लष्करी: भलत्याच ठिकाणी टाकलेला बॉम्ब. १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'नि-चान्नेरु' या निनावी चर्चास्थळावर, एका चर्चेतलं उत्तर चुकून दुसऱ्याच चर्चेत पडलं की त्याला गोबाकु म्हणू लागले. पुढे ट्विटरवर चुकीच्या खात्यातून केलेल्या ट्विटलाही तेच नाव मिळालं. जपानमध्ये एकाच माणसाची दोन-तीन खाती असणं सर्रास. खरं खातं 'होन्आका', लपवलेलं 'उराआका'. यातला 'आका' म्हणजे अकाउंट, पण गमतीने तो 'अंगावरचा मळ' या अर्थाच्या चिन्हाने लिहितात. लपवलेल्या खात्यातून करायचा लाइक खऱ्या खात्यातून पडला, की दोन्ही भीती एकत्र येतात: माग राहिला आणि तोही भलत्या ठिकाणी. 'गोफाबो'तला 'गो' लोकांच्या इतका सहज तोंडी बसला तो गोबाकुमुळे, असं मला वाटतं.

ट्विटरची जपानी आवृत्ती एप्रिल २००८ मध्ये आली. तेव्हा 'फेव्हरिट'चं चिन्ह चांदणी होतं. अनेकजण ती नुसती खूण म्हणून वापरत; नंतर वाचायचं, एवढाच अर्थ. नोव्हेंबर २०१५ मध्ये चांदणी जाऊन बदाम आला आणि नाव झालं 'इइने', म्हणजे 'छान'. खूण आता दाद ठरली. तरीही 'फाबो' हा जुना शब्द टिकून राहिला.

या दादेचं वजन पुढे कोर्टातही मोजलं गेलं. एका महिला पत्रकाराची निंदा करणाऱ्या २५ ट्विटांना २०१८ मध्ये खासदार सुगिता मिओ यांनी लाइक केलं होतं. हे लाइक चुकून पडलेले नव्हते. खालच्या न्यायालयाने पत्रकाराचा दावा फेटाळला, पण ऑक्टोबर २०२२ मध्ये टोकियो उच्च न्यायालयाने साडेपाच लाख येन भरपाईचा आदेश दिला. तो फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाला.

त्याच वर्षी जूनमध्ये, तोवर एक्स झालेल्या ट्विटरने कुणी काय लाइक केलं हे इतरांपासून लपवलं. पोस्ट लिहिणाऱ्याला मात्र ते अजूनही दिसतं. बदाम लगेच काढून घेतला, तरी तोवर त्याच्या फोनवर सूचना वाजून गेलेली असू शकते.