वेंगुर्ल्याचा हिरडा आणि हातकामाचे चामडे

कोकणच्या किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांना चामड्याच्या चपला, पाकिटे किंवा पिशव्या विकताना ‘हातकाम’ आणि ‘पर्यावरणपूरक’ हे दोन शब्द आता बहुधा जोडीनेच वापरले जातात. वस्तू हाताने शिवलेली आहे एवढ्यावरून ती निसर्गाला कमी त्रासाची असते, असे मात्र म्हणता येत नाही. आरी आणि रापी चालवणाऱ्या कारागिराच्या हाती चामडे येते तेव्हा त्याचा पाण्याशी, मिठाशी आणि रसायनांशी असलेला हिशेब पुरा झालेला असतो. तो हिशेब कातडे कमावण्याच्या जागी ठरतो, आणि या बाबतीत कोकणचा इतिहास शिलाईपेक्षा कमावण्याच्या सामग्रीशी अधिक जोडलेला आहे.

कच्चे कातडे दमट हवेत फार लवकर सडते. ते टिकवण्यासाठी आधी मीठ लावावे लागते. कातड्याच्या वजनाच्या 40 ते 50 टक्के मीठ ही आजही रूढ मात्रा आहे. पुढे चुन्याच्या पाण्यात भिजवून केस आणि आतले मांस काढले जाते, आणि मग झाडांच्या साली-फळांतील तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंत मुरवले जाते. पेण-उरणपासून वसईपर्यंतची मिठागरे आणि किनाऱ्यावर शिंपले भाजून केलेला चुना पाहिला, तर या कामाला लागणारे बरेचसे साहित्य कोकणात हाताशी होते असे दिसते. जंगलात ऐन होता आणि खाडीकाठी कांदळ होते. या दोन्ही झाडांच्या साली तुरट द्रव्याने भरलेल्या असतात. ऐनाच्या सालीच्या काढ्यात कोळी आपली सुती जाळीही बुडवत असत, कारण जे द्रव्य कातड्याला सडू देत नाही तेच सुतालाही खाऱ्या पाण्यात टिकवते.

या सगळ्यांत मोलाचा होता तो हिरडा. त्याच्या वाळलेल्या फळात 30 टक्क्यांच्या आसपास तुरट द्रव्य असते, आणि ते मिळवण्यासाठी झाड सोलावे वा तोडावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील चामड्याच्या कारखान्यांना हिंदुस्थानातून हिरडा मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला, तेव्हा व्यापाऱ्यांनी त्याच्या प्रती मुलखाच्या किंवा बंदराच्या नावाने ओळखायला सुरुवात केली. जबलपूर आणि भिमलीपट्टणम यांच्या जोडीला त्या यादीत ‘व्हिंगोर्ला’ हेही नाव होते. ते आपले वेंगुर्ले होय. 1812 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेलेले हे बंदर बेळगावकडच्या मालाचे किनाऱ्यावरचे दार होते, आणि घाटमाथ्यावरचा हिरडा त्या दारातून बाहेर जात असे. कोकणच्या नावाचा हिरडा विलायती जोड्यांच्या तळांत मुरत होता, ही गोष्ट आज वेंगुर्ल्यातही फारशी कोणाला माहीत नसते.

देशी पद्धतीत हे मुरवणे कसे होई, ते पाहण्यासारखे आहे. बाभळीची साल आणि हिरड्याची पूड घातलेल्या पाण्यात कातडे काही दिवस ठेवल्यावर ते कडेने शिवून त्याचीच पिशवी केली जाई. ती टांगून तिच्यात साल आणि रस भरला जाई. रस कातड्यातून पाझरून खालच्या भांड्यात थेंबथेंब गळे आणि तो पुन्हा वरून ओतला जाई. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगून दुसऱ्या टोकालाही तसाच रस पाजला जाई. या सगळ्याला काही आठवडे लागत. मिळणारे चामडे जाड, तांबूस आणि ताठ असे. वापराने ते पायाच्या आकाराला बसे आणि झिजल्यावर त्याचा तळ पुन्हा शिवता येई. वीज लागत नसे आणि जड धातू वापरला जात नसे. पण चुन्याचे आणि सडक्या मांसाचे पाणी ओढ्यातच जाई, म्हणून जुनी पद्धत निर्मळ होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल. काम थोडे आणि विखुरलेले होते, त्यामुळे ते पाणी निसर्गाला पचत होते, इतकेच.

या साखळीत माणसेही होती, आणि पर्यावरणपूरक परंपरेचे गोडवे गाताना नेमकी तीच गाळली जातात. मेलेले जनावर ओढून नेणे हे महारांवर लादलेले वतनी काम होते, कातडे कमावणे ढोर समाजाकडे आणि वस्तू शिवणे चांभारांकडे. गावात काहीच वाया जात नसे, हे खरे. पण ते वाया जाऊ न देण्याची किंमत कोणी मोजली, हेही त्याच वाक्यात लिहायला हवे. या व्यवस्थेला उघड आव्हान कोकणातच मिळाले. महाडला 19 आणि 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरलेली परिषद चवदार तळ्यासाठी सर्वांना माहीत आहे. त्याच परिषदेत मृत जनावरांचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन झाले आणि स्पृश्यांनी आपली मेलेली जनावरे स्वतःच पुरावीत, असेही सांगण्यात आले. गावोगावच्या कातड्याचा पुरवठा पुढे आटत गेला, त्यामागे कारखानदारी होती तसा हा नकारही होता, आणि तो पूर्णपणे रास्त होता.

कारखानदारीचा धक्का रसायनातून आला. न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ यांनी 1884 मध्ये क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट घेतले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्फ्रेड चॅटरटन यांनी ती पद्धत मद्रासमध्ये आणली. जिथे आठवडे लागत होते तिथे एखाद-दोन दिवसांत निळसर, मऊ, पाण्याला बऱ्यापैकी दाद न देणारे चामडे तयार होऊ लागले. आज जगातील बहुतांश चामडे क्रोमचेच आहे. नेहमीच्या पद्धतीत घातलेल्या क्रोमियमपैकी साधारण एक तृतीयांश कातड्यात न मुरता सांडपाण्यात उरते, आणि मिठाचे पाणी वेगळेच. तमिळनाडूत पालार नदीकाठची शेते आणि विहिरी यामुळे नासल्या. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये दिलेला निकाल पर्यावरणाच्या कायद्यात मैलाचा दगड मानला जातो. मुंबईत धारावीच्या चर्मालयांचे काम देवनारला 1971 मध्ये नवा कत्तलखाना सुरू झाल्यानंतरच्या दशकांत हळूहळू हलले किंवा थांबले. शिवण्याचा धंदा आणि चामड्याचा बाजार मात्र धारावीत राहिला. रत्नागिरीकडून मुंबईत गेलेल्या कितीतरी चर्मकार कुटुंबांची उपजीविका याच शहरी बाजारावर चालली. गावाकडे त्या हातांसाठी दुरुस्तीचे काम तेवढे उरले.

कोकणच्या पावसानेही आपला वाटा उचलला. सालीने कमावलेले चामडे जून ते सप्टेंबर या काळात भिजून फुगते आणि कपाटात ठेवले तर त्याला बुरशी धरते. म्हणून रबरी आणि प्लास्टिकच्या चपला आल्या तेव्हा कोकणाने त्या विनातक्रार स्वीकारल्या, आणि त्यात गैर काही नव्हते. आता ‘प्राण्याविना चामडे’ म्हणून जे विकले जाते, त्यातले बरेचसे कापडावर चढवलेले प्लास्टिकच असते. त्याचा पापुद्रा दोन-तीन वर्षांत सुटू लागतो आणि ते सांधता येत नाही.

आज किनाऱ्यावर विकली जाणारी अस्सल चप्पल बहुतेक वेळा घाटावरची कोल्हापुरी असते. खिळा न मारता चामड्याच्याच वादीने शिवलेल्या या चपलेला मिळालेले भौगोलिक मानांकन 2019 साली जाहीर झाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे आठ जिल्हे आहेत. कोकणातला एकही नाही. त्याआधी, मार्च 2015 मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी लागू झाल्यावर चामडे मिळवण्याची गणिते बदलली आणि म्हशीच्या कातड्यावर भिस्त वाढली. जून 2025 मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तशाच आकाराच्या चपला मूळ न सांगता दाखवल्या, तेव्हा श्रेयाची चर्चा जोरात झाली; त्या चपलेचे चामडे कशाने कमावले जाते आणि त्याचे पाणी कुठे जाते, याबद्दल फारसे कोणी बोलले नाही.

पाटीवर ‘पर्यावरणपूरक’ लिहिणाऱ्याला विचारण्याचे प्रश्न नेमके हेच आहेत. कातडे कोणते, ते सालीचे की क्रोमचे, आणि तळ झिजला तर पुन्हा शिवून मिळेल का? बहुतेक दुकानदार तिसऱ्याचे उत्तर लगेच देतात, पहिल्याचे थोडे थांबून. दुसऱ्यासाठी मात्र त्यांना कोल्हापूरला फोन लावावा लागतो.