अपग्रेड आणि पॅकेजांचं भांडण: ‘वाय’ दाबण्याआधी वाचायचं पान

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्याच्या आगेमागे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी नवं मशीन न घेता जुन्यावरच आमच्याकडून उबुंटू (विंडोजच्या जागी चालणारी फुकट लिनक्स सिस्टीम) टाकून घेतलं. काही ग्राहक तर उबुंटूच्या २०.०४ (म्हणजे एप्रिल २०२० च्या) आवृत्तीच्या काळापासूनचे आहेत. बेळगावच्या उद्यमबागेतली वर्कशॉप, शहापूरकडचे छापखाने, खानापूर तालुक्यातल्या शाळांच्या लॅब, निपाणीतलं एक गोडाऊन. पत्रक मात्र सगळ्यांना एकच. कारण "अपग्रेड केलं आणि अमुक बंद पडलं" म्हणून जे फोन येतात, त्यातल्या बहुतेकांचं मूळ एकाच जागी सापडतं. पडद्यावर एक यादी आलेली असते आणि ती कुणी वाचलेली नसते.

"साहेब, मी काय नाही केलं बघा, नुसतं एंटर मारत गेलो."

तेच तर.

भांडण कशावरून होतं

उबुंटूत (आणि ते ज्यावर उभं आहे त्या डेबियनमध्ये) प्रत्येक सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ म्हणून येतं. पॅकेज एकटं क्वचितच चालतं. त्याला दुसरी दहा पॅकेजं लागतात, त्या दहांना आणखी कुठली कुठली. यालाच डिपेंडन्सी म्हणायचं. प्रत्येक पॅकेजच्या आत लिहिलेलं असतं की मला अमुक लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो तयार कोड) हवी, तीही इतक्यापेक्षा जुनी नको, आणि अमुक पॅकेज शेजारी असेल तर मी राहणार नाही.

उद्यमबागेतल्या मंडळींना हे आट्यांवरून सांगितलं की लगेच कळतं. १२ एमएमचा बोल्ट आणि अर्ध्या इंचाचा नट हातात घेतले तर जोडीचेच वाटतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ एमएम, डोळ्याला फरक कळत नाही. लावायला गेलं तर पहिले दोन आटे जातातही. मग अडकतं, कारण जुन्या व्हिटवर्थला इंचात १२ आटे आणि मेट्रिकला आट्या-आट्यात १.७५ एमएम. आता लांब पाना लावून ताणलं तर नट बसल्यासारखा दिसेल, पण आटे दोन्हीकडचे खलास. लायब्ररीची आवृत्ती म्हणजे आटा. नाव तेच, काम तेच, माप वेगळं. आणि इंटरनेटवर ‘फोर्स’ शब्द असलेले जे आदेश मिळतात, ते म्हणजे लांब पाना.

रोजच्या छोट्या अपडेटमध्ये हे फारसं होत नाही, कारण एका आवृत्तीच्या आयुष्यात मापं सहसा बदलत नाहीत. अख्खी सिस्टीम अपग्रेड करताना मात्र हजार-दोन हजार पॅकेजं एका बैठकीत बदलतात. पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा घ्या: २०.०४ मध्ये ७.४, २२.०४ मध्ये ८.१, २४.०४ मध्ये ८.३. पायथॉन ही दुसरी भाषा त्याच क्रमाने ३.८, ३.१० आणि ३.१२. ओपनएसएसएलने (नेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारी लायब्ररी) तर २२.०४ ला १.१ सोडून थेट ३ वर उडी मारली. बिलिंगचं एखादं जुनं सॉफ्टवेअर १.१ च मागत बसलं, तर नव्या घरात त्याला कुणी ओळखत नाही.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे इथे अर्धंच खरं आहे. लायब्ररीच्या नावातच आकडा असेल तर जुनी आणि नवी शेजारी शेजारी राहू शकतात. दोघींना एकाच जागी एकाच नावाची फाईल ठेवायची असेल तेव्हा ठिणगी पडते. म्हणून नेटवरून जुनी ओपनएसएसएल १.१ उतरवून बसवणारे लोक भेटतात, आणि ती बसतेही. पण ती बनवणाऱ्यांनी तिच्या दुरुस्त्या ११ सप्टेंबर २०२३ नंतर सर्वांसाठी देणं बंद केलंय. ज्या मशीनवर बँकेचं काम चालतं तिथे आम्ही ती बसवून देत नाही, आग्रह केलात तरी.

२४.०४ मध्ये एक वेगळीच गंमत झाली. ३२-बिट आकड्यात सेकंद मोजणारी घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला भरून वाहणार आहेत. त्याची तयारी म्हणून कित्येक लायब्रऱ्यांच्या नावापुढे ‘टी६४’ अशी शेपटी लागली. लग्नानंतर आडनाव बदललं आणि जुन्या पत्त्यावर पत्र परत आलं, तसं झालं. बहुतेकींनी जुनं नावही पाटीवर ठेवलंय, त्यामुळे निभतं. पण ‘लिबएआयओ’ नावाच्या लायब्ररीची आतली फाईलसुद्धा नवं नाव घेऊन आली आणि काही डेटाबेस सॉफ्टवेअर जुन्या नावाने हाका मारत राहिली.

बाहेरून आणलेला पाहुणा

उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातली पॅकेजं एकमेकांशी जुळवून, तपासून ठेवलेली असतात. त्यांच्यात भांडण लागणं विरळाच. कटकट होते ती बाहेरून आणलेल्यांची: कुणीतरी जोडलेला पीपीए (उबुंटूबाहेरच्या कुणी चालवलेलं पॅकेजांचं खासगी भांडार), कंपनीच्या साइटवरून उतरवलेला ड्रायव्हर, भाच्याने युट्यूब पाहून टाकलेलं काहीतरी. अपग्रेड सुरू होताना ही बाहेरची भांडारं आपोआप बंद केली जातात. भांडार बंद झालं तरी तिथून आलेली पॅकेजं मशीनमध्येच असतात, आणि ती आपलं जुनं माप धरून बसतात.

सगळ्यात जास्त छळतात ते प्रिंटर. कॅननचा एलबीपी २९०० आपल्याकडे अजून टेबलाटेबलावर आहे, मजबूत माल. त्याचा लिनक्स ड्रायव्हर मात्र ३२-बिट लायब्रऱ्या मागतो. म्हणजे ६४-बिट मशीनवर त्याच लायब्ररीची ३२-बिट बहीणही ठेवावी लागते, आणि दोघींची आवृत्ती तंतोतंत एक हवी. ही बैलजोडी समजा. एखाद्या पीपीएने एकाला चार पावलं पुढे नेलं की जू तिरकं होतं आणि गाडी जागची हलत नाही. मशीन मग सांगतं की तुमच्याकडे ‘हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ आहेत. मोडलेलं काहीच नसतं, एक बैल पुढे गेलेला असतो.

एचपी १०२० ची तऱ्हा निराळी. एचपीच्या ड्रायव्हर पॅकेजसोबत त्याला एक प्लगइन लागतं आणि प्लगइनची आवृत्ती ड्रायव्हरइतकीच हवी. अपग्रेडमध्ये ड्रायव्हर पुढे जातो, प्लगइन मागे राहतं, आणि प्रिंटर दिवे लावून गप्प बसतो. प्लगइन पुन्हा बसवलं की चालतो. दहा मिनिटांचं काम आहे, नवा प्रिंटर घ्यायला धावू नका.

पायथॉनबद्दल कॉलेजच्या मुलांना खास विनंती. नवा पायथॉन हवा म्हणून सिस्टीमचा मूळ पायथॉन बदलू नका. उबुंटूची स्वतःची कितीतरी साधनं, अपग्रेड करणारं साधनसुद्धा, त्याच पायथॉनवर चालतात. बसलेली फांदी तोडायचा प्रकार आहे तो. अभ्यासासाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (मूळ पायथॉनला धक्का न लावणारा स्वतंत्र कप्पा) करून देतो, फुकट.

आमची एक चूक

लोकांना शिकवायच्या आधी स्वतःचं सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेचं मशीन आम्ही शनिवारी संध्याकाळी अपग्रेडला लावलं. यादी आली, पानंच्या पानं होती. आम्ही वरच्या चार ओळी पाहिल्या, "जुन्या लायब्रऱ्या दिसतायत" म्हणालो आणि ‘वाय’ (म्हणजे ‘हो’) दाबून चहाला गेलो. सोमवारी दहा वाजता फोन. पासबुक प्रिंटरचा ड्रायव्हर गायब. यादीच्या तिसऱ्या पानावर त्याचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं, हे नंतर लॉगमध्ये पाहिलं. काउंटरसमोर पेन्शनवाले आजोबा-आजी पासबुक हातात धरून उभे आणि आम्ही टेबलाखाली वाकलेले. दुपारी तीनला छपाई सुरू झाली. मजुरी घेतली नाही, घेण्यासारखं तोंडही नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे: यादी दोघांनी वाचायची, एकाने मोठ्याने.

यादी कशी वाचायची

अपग्रेड करणारा प्रोग्राम हिशेब झाला की थांबतो आणि सांगतो की इतकी पॅकेजं काढली जातील, इतकी नवी येतील, इतकी बदलतील. पुढे जायचं का, असं विचारतो. तिथे ‘वाय’ आणि ‘एन’ यांच्याबरोबर तिसरं अक्षरही असतं, ‘डी’. तेच दाबा. सगळी नावं उलगडतात. ‘रिमूव्ह’ या मथळ्याखालचा भाग तेवढा नीट पाहायचा, बाकीचा सोडला तरी चालेल.

अगम्य आकडे आणि ‘लिब’ने सुरू होणारी नावं बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, जुनी जाऊन नवी आलेली. तुमच्या रोजच्या कामाचं नाव दिसलं तर थांबा: प्रिंटर, डेटाबेस, हिशेबाचं सॉफ्टवेअर, स्कॅनर. ‘उबुंटू-डेस्कटॉप’ काढतो म्हणाला तर हात मागे घ्या. आणि ‘आयबस-एम१७एन’ हे नाव लक्षात ठेवा. आम्ही बसवून दिलेले मराठी आणि कन्नड कीबोर्ड दोन्ही त्याच एका पॅकेजवर आहेत. बाहेर सीमेचा वाद कितीही चालो, मशीनच्या आत दोघी एकाच खाटेवर झोपतात. ते गेलं तर दोन्ही भाषांतली बिलं एकदमच अडतात.

मध्येच कधी तो विचारतो की अमुक सेटिंगची फाईल जुनी ठेवू की नवी घेऊ. माहीत नसेल तर जुनी ठेवा. शेवटी आणखी एकदा विचारतो, कालबाह्य पॅकेजं काढू का. तिथे ‘नाही’ म्हटलं तर काही बिघडत नाही, ती पुढच्या आठवड्यातही काढता येतात.

अडलं तर

"कुड नॉट कॅल्क्युलेट द अपग्रेड" असं लिहून तो थांबला तर घाबरू नका. मला जुळवता येत नाही, म्हणून मी सुरुवातच केली नाही, असा त्याचा अर्थ. मशीन होतं तसंच आहे, उद्या सकाळी नेहमीसारखं काम करा. आम्ही येऊन बाहेरची पॅकेजं शोधतो, पीपीएची असतील तर उबुंटूच्या मूळ आवृत्तीवर मागे आणतो, कुणी ‘होल्ड’ लावून रोखून ठेवलेलं पॅकेज असेल तर ते सोडवतो, आणि मग पुन्हा हिशेब लावतो. दहापैकी आठ वेळा तेवढ्यावर भागतं. जे सॉफ्टवेअर काही केल्या नव्यात बसत नाही, त्याला त्याच मशीनमध्ये व्हर्च्युअल मशीनचं (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणकच म्हणा) वेगळं बिऱ्हाड थाटून देतो. रॅम ८ जीबी तरी हवी.

अर्ध्यात वीज गेली तर प्रकरण जरा जड. काही पॅकेजं उघडलेली, काही बसलेली, काही दारात. तरीही मशीन मेलं असं समजू नका आणि नव्याने फॉरमॅट करायला देऊ नका. अर्धवट राहिलेली पॅकेजं पुढे बसवून घेण्याची सोय डेबियनवाल्यांनी मुळातच केलेली आहे. बटण दाबून पुन्हा पुन्हा चालू-बंद मात्र करू नका. खानापूर, जांबोटीकडच्या ग्राहकांनी जून ते ऑगस्ट अपग्रेडचं नावच काढू नये असं आमचं मत आहे, पाऊस आणि वीज यांचं तिकडे काय नातं आहे ते तुम्हालाच जास्त ठाऊक. यूपीएसची बॅटरी चांगली असेल तर गोष्ट वेगळी. मोबाईलच्या हॉटस्पॉटवरही नको.

आदेश या कागदावर मुद्दाम छापलेले नाहीत. एखादी जागा चुकली की भलतंच होतं.

करायलाच हवं का?

दरवेळी नाही. २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, पण उबुंटू प्रो घेतलं तर सुरक्षेच्या दुरुस्त्या मूळ तारखेपासून दहा वर्षं, म्हणजे २०३० पर्यंत मिळतात. वैयक्तिक वापराला पाच मशीनपर्यंत ते फुकट आहे. ज्यांचं जुनं सॉफ्टवेअर नव्यात बसतच नाही, त्यांना आम्ही स्वतःहून हाच सल्ला देतो, आमची मजुरी बुडते तरी. २२.०४ वाल्यांना २०२७ पर्यंत घाई नाही.

जायचंच असेल तर पायरी गाळता येत नाही. २०.०४ वरून २२.०४, तिथे सगळं चालतंय हे पाहायचं, मग २४.०४. दोन पायऱ्या, दोन वेळची मजुरी, हे आधीच सांगून ठेवतो. नवी आवृत्ती आली की लगेच उडीही नको. तिचा ‘.१’ (पहिली दुरुस्त आवृत्ती) निघाल्यावरच जुन्या एलटीएसवर (लांब सपोर्टच्या आवृत्तीवर) अपग्रेड करण्याचा निरोप येतो आणि तो आल्यावरही आम्ही महिनाभर थांबतो. २४.०४.१ ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस निघाली, आणि त्यानंतर २२.०४ वरून जायची वाट काही काळ बंदच ठेवावी लागली होती. चूक अपग्रेड करणाऱ्या साधनातच, पॅकेजांचा हिशेब लावण्याच्या पद्धतीत होती. पहिल्या पंगतीला बसायची हौस नसलेले आमचे ग्राहक त्यात सापडले नाहीत.

मार्चअखेर, जीएसटी भरायचा आठवडा आणि शाळांच्या परीक्षा हे दिवस सोडून बोलवा. शुक्रवारी रात्री नको, मंगळवारी सकाळी बरं, म्हणजे अडलं तर निस्तरायला आठवडा हातात राहतो. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि घेतल्यावर त्यातली एखादी फाईल उघडून पाहा. अपग्रेडच्या आदल्या दिवशी प्रिंटर, स्कॅनर आणि बाहेरून बसवलेल्या सॉफ्टवेअरची नावं कागदावर लिहून ठेवा, ‘भाच्याने टाकलेलं काहीतरी’ धरून.

स्वतः अपग्रेड लावलंत आणि यादी समोर आली, तर ‘डी’ दाबून प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि बिलावरच्या नंबरवर पाठवा. फोटो तिरका आला तरी चालेल, पण तिसरं पान विसरू नका. यादी वाचून सांगायचे पैसे आम्ही घेत नाही. आमचं उत्तर येईपर्यंत पडदा तसाच उघडा राहू द्या, तो प्रश्न विचारून थांबलेला असतो, त्याला घाई नसते.