तांदळाच्या डब्यातला लॅपटॉप

माझ्या भाचीच्या हातून फेब्रुवारीत लॅपटॉपवर अर्धा कप चहा सांडला. तिने तो पुसला, घरच्यांच्या सल्ल्याप्रमाणे दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला आणि तिसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा सुरू झाला. दादरपासून बोरिवलीपर्यंतच्या आमच्या नातेवाइकांत तांदळाची कीर्ती त्यामुळे चांगलीच पसरली. जूनच्या अखेरीस, पावसाने नीट जोर धरल्यावर, तोच लॅपटॉप काहीही न सांडता बंद पडला. या बंद पडण्याचा फेब्रुवारीतल्या चहाशी संबंध असू शकतो, हे मात्र कोणालाच पटेना.

पाणी आणि वीज यांचे वैर आपण लहानपणापासून ऐकतो. पण अगदी शुद्ध पाणी हे विजेचे फार वाईट वाहक आहे. २५ अंश सेल्सिअसला त्याची वाहकता दर सेंटीमीटरला ०.०५५ मायक्रोसीमेन्स इतकीच भरते. दुधाची साधारण ५,००० असते, तर समुद्राच्या पाण्याची ५०,००० च्या घरात. हा सगळा फरक विरघळलेल्या क्षारांचा आहे. शिवाय शुद्ध पाणीही मदरबोर्डवर पडल्यावर शुद्ध राहत नाही, कारण तिथली धूळ, बोटांचा घाम आणि सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्स (जोड पक्का बसावा म्हणून लावलेले रसायन) त्यात लगेच उतरतो. अर्थात, सगळे नुकसान शॉर्ट होऊनच होते असे नाही.

मदरबोर्डवरच्या कित्येक जोडण्यांमध्ये जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे अंतर असते. लॅपटॉप बंद केला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत काही वाहिन्यांवर ३.३ किंवा ५ व्होल्ट कायम असतात आणि पाण्याच्या विद्युत अपघटनाला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात. दोन पिनांवर खारट द्रवाचा थेंब बसला की शाळेत पाहिलेला धनाग्र-ऋणाग्राचा प्रयोग तिथे सूक्ष्म आकारात सुरू होतो. धन बाजूच्या पिनेतला तांब्याचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे सोडून आयन होतो, द्रवात उतरतो, ऋण बाजूला पोहोचून ते इलेक्ट्रॉन परत मिळवतो आणि पुन्हा धातू होतो. गंमत अशी, की हा धातू सपाट थरात बसत नाही. जिथे जरासे टोक पुढे आलेले असते तिथे विद्युतक्षेत्र सर्वाधिक तीव्र असते, म्हणून पुढचे आयन त्याच टोकाकडे ओढले जातात, टोक आणखी लांबते आणि आणखी आयन ओढते. अशा रीतीने ऋण पिनेपासून धन पिनेच्या दिशेने नेच्याच्या पानासारखी धातूची नक्षी वाढत जाते. पलीकडे टेकताच शॉर्ट होतो. पण पूल इतका नाजूक असतो की पुष्कळदा स्वतःच्याच प्रवाहाने जळून जातो, म्हणून असा लॅपटॉप कधी चालतो, कधी चालत नाही. सोल्डरमधले कथिलही याच वाटेने जाते. चांदीची ही खोड तर टेलिफोन अभियंत्यांनी १९५० च्या दशकातच नोंदवून ठेवली आहे. इकडे धन बाजूची पिन झिजत राहते आणि तिच्याभोवती हिरवट थर चढतो. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्याला चढणारा कळंक आणि हा थर एकाच कुळातले.

आता तांदळाकडे वळू. घरातल्या तांदळात मुळातच बारा-तेरा टक्के ओलावा असतो आणि चिपखाली अडकलेला द्रव ओढून घेण्याचे कोणतेही सामर्थ्य त्याच्यात नाही. ॲपलने तर २०२४ मध्ये आपल्या सूचनांत ओला आयफोन तांदळात ठेवू नका, असे स्पष्टच लिहिले. भाचीचा लॅपटॉप सुरू झाला तो केवळ दोन दिवस बंद राहून वाळल्यामुळे; डब्याऐवजी टेबलावर ठेवला असता तरी तेच झाले असते. मात्र वाळते ते पाणी. दुधातले क्षार आणि साखर जागच्या जागी राहतात.

पावसाळ्यात आपल्याकडे मिठाला पाणी सुटते, त्याचे कारण इथे महत्त्वाचे आहे. मिठाच्या संपृक्त द्रावणावरचा बाष्पदाब शुद्ध पाण्यावरच्या बाष्पदाबाच्या सुमारे ७५ टक्केच असतो. म्हणून हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की वाफ हवेतून मिठाकडे वाहू लागते आणि कोरडा खडा स्वतःच द्रावण होतो. शुद्ध साखरेसाठी हीच मर्यादा सुमारे ८५ टक्के आहे. पण दोन-तीन विद्राव्य पदार्थ एकत्र आले की मिश्रणाची मर्यादा त्यांतल्या सर्वांत खालच्या मर्यादेच्याही खाली उतरते. मुंबईत फेब्रुवारीच्या दुपारी आर्द्रता पुष्कळदा पन्नास टक्क्यांच्या आसपास असते, तर जुलैत ती दिवसेंदिवस ऐंशीच्या वर राहते. फेब्रुवारीत वाळलेला चहा जूनमध्ये पुन्हा ओला झाला, एवढेच काय ते घडले.

‘वॉटरप्रूफ’ उपकरणांच्या जाहिरातींवरही विसंबू नये, कारण आयपी ६७, आयपी ६८ यांसारख्या चाचण्या साध्या पाण्यात घेतात, साखर-दुधाच्या चहात नव्हे. दसऱ्याला ऑफिसातल्या लॅपटॉपची पूजा करण्यालाही माझी हरकत नाही. फक्त फुलाने पाणी शिंपडताना कीबोर्ड मिटलेला असावा.

द्रव सांडल्यावर चार्जर काढावा, पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरून यंत्र बंद करावे, लॅपटॉप उघडून तंबूसारखा पालथा ठेवावा आणि शक्य तितक्या लवकर आतल्या बॅटरीची जोडणी काढून घ्यावी. ‘चालतोय का ते पाहू’ म्हणून तो पुन्हा सुरू करणे हे सर्वांत घातक, कारण द्रव आणि विभवांतर, म्हणजे व्होल्टेज, यांची गाठ आपणच घालून देतो. हेअर ड्रायरची हवा थेंबांना आणखी आत ढकलते.

भाचीचा लॅपटॉप शेवटी लॅमिंग्टन रोडवर नेला. कारागिराने मदरबोर्ड सूक्ष्मदर्शकाखाली धरून दाखवला: कीबोर्डच्या कनेक्टरभोवती हिरवी खपली होती आणि एका कपॅसिटरचे एक टोक पुरते झिजून गेले होते. त्याने बोर्ड आधी डिस्टिल्ड वॉटरने आणि मग आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धुतला. हा क्रम उलटा चालत नाही, कारण मीठ आणि साखर आयपीएमध्ये जवळजवळ विरघळतच नाहीत. ती पाण्यानेच काढावी लागतात. आयपीए मागे उरलेल्या पाण्यात पूर्ण मिसळतो आणि त्याला सोबत घेऊन लवकर उडून जातो. कपॅसिटर बदलल्यावर बोर्ड जिवंत झाला. कीबोर्ड मात्र नवा घ्यावा लागला, कारण त्याच्या प्लास्टिकच्या थरांत शिरलेली साखर धुऊन निघत नाही. बिलासोबत कारागिराने कागदाची एक छोटी पुडी हातात ठेवली. तिच्यात पंख्याच्या पात्यांमधून काढलेले तांदळाचे तीन दाणे होते.