कव्हरवरचं नाव: फॉन्ट की लेटरिंग?

‘एखादा मस्त कॅलिग्राफीचा फॉन्ट टाका’ हे वाक्य अल्बमची कव्हरं करणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. गाणी तयार, मास्टरिंग झालंय, रिलीजची तारीखही जाहीर करून टाकलीय आणि कव्हर तेवढं राहिलंय, अशा वेळी तर हमखास. या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मागितलेल्या असतात. त्यातली कुठली घ्यायची हे आधी ठरवलं, तर फोटो कुठला लावायचा हा प्रश्न निम्मा सुटतो. उलट्या क्रमाने गेलं की भांडणं होतात.

फॉन्ट म्हणजे आधीच तयार करून ठेवलेली अक्षरं. ती करणाऱ्याला तुमच्या अल्बमचं नाव ठाऊक नसतं. कोणीही कुठलाही शब्द टाइप केला तरी तो नीट दिसावा, एवढी काळजी त्याने घेतलेली असते. लेटरिंग म्हणजे तो एकच शब्द, त्या एकाच कव्हरसाठी काढलेला. त्यातलं अक्षर उचलून दुसऱ्या शब्दात बसवलं तर ते परकं दिसतं. बोरू, ब्रश किंवा कटनिबने लिहून घेतलेली कॅलिग्राफी ढोबळमानाने या दुसऱ्या गटात येते.

गोंधळ होतो तो हाताने लिहिल्यासारख्या दिसणाऱ्या फॉन्टमुळे. ‘कलम’ हा फॉन्ट हस्ताक्षरासारखा आहे, ‘यात्रा वन’ मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलाय. दोन्ही देखणे आहेत, पण आहेत फॉन्टच. ओळखायचं असेल तर शब्दातलं पुन्हा पुन्हा येणारं चिन्ह बघा. समजा अल्बमचं नाव ‘पावसाळा’ आहे. त्यात काना तीनदा येतो. फॉन्टमध्ये हे तिन्ही काने एकाच साच्यातून निघालेले असतात. जाडी तीच, टोक तेच. (काही फॉन्टांत एकाच अक्षराची दोन-तीन रूपं दिलेली असतात, पण देवनागरीत असे फॉन्ट कमी.) लिहिणाऱ्या माणसाच्या हातून मात्र पहिला काना आखूड येईल, दुसरा जरा कलेल आणि शेवटचा पार खाली ओघळत जाईल. पावसाळ्याला तो ओघळ हवाच असतो. फॉन्ट तो देत नाही, कारण त्याला पाऊस माहीत नाही, फक्त काना माहीत आहे.

आपल्याकडे या दोन्ही कामांची थोर माणसं होऊन गेली. २०२० साली गेलेले कमल शेडगे वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी नाटकांची नावं काढत. प्रत्येक नावाला त्याचा स्वभाव असे, नाटक गंभीर आहे की फार्स हे अक्षरावरूनच कळे. आणि र. कृ. जोशी. ते स्वतः कसलेले सुलेखनकार, पण विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्टही त्यांचाच. सरकारी अर्जापासून लग्नपत्रिकेच्या मजकुरापर्यंत काहीही त्यात टाइप करता यावं, हे त्याचं काम. शेडग्यांची अक्षरं एका नावापुरती होती, जोशींची सगळ्यांसाठी. यात वरचा-खालचा कोणी नाही. मात्र ‘मंगल’मध्ये अल्बमचं नाव टाइप करून ‘काहीतरी कमी वाटतंय’ म्हणणं हा त्या फॉन्टवर अन्याय आहे.

अल्बमच्या कव्हरचा इतिहासही इथूनच सुरू होतो. अमेरिकेत ॲलेक्स स्टाइनवाइस १९३९ साली कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये कलादिग्दर्शक म्हणून लागला. तोवर मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे संच साध्या करड्या-तपकिरी पुठ्ठ्यात विकले जात. रॉजर्स आणि हार्ट या संगीतकार-गीतकार जोडीच्या गाण्यांच्या संचासाठी त्याने न्यूयॉर्कच्या इम्पीरियल थिएटरच्या मालकाला गळ घातली, थिएटरच्या दर्शनी पाटीवरची दिव्यांची अक्षरं बदलून तिथे अल्बमचं नाव लावलं आणि फोटो काढला. म्हणजे चित्र आणि नाव असे दोन थर तिथे नाहीतच, नावच चित्र झालंय. हाच स्टाइनवाइस नंतर कव्हरांवर आपल्या वळणदार हाताने नावं लिहू लागला. ते वळण इतकं लोकप्रिय झालं की त्याचा टाइप बाजारात आला. लेटरिंगचा फॉन्ट झाला, आणि तो हात कोणालाही वापरता येऊ लागला.

आता फोटोकडे. लेटरिंग हे स्वतःच चित्र असतं, त्यामुळे त्याच्या मागे दुसरं बोलकं चित्र ठेवलं की दोघंही एकदम बोलायला लागतात. गायिकेचा चेहरा, तंबोरा, मागे मावळतीचा सूर्य आणि त्यावर ब्रशने फटकारलेलं नाव: अशी कव्हरं ढिगाने दिसतात, आणि लक्षात एकही राहत नाही. लेटरिंग घेणार असाल तर मागे सपाट रंग, कागदाचा पोत किंवा फार तर अगदी शांत फोटो पुरे. फोटोच मुख्य असेल तर नाव साध्या फॉन्टमध्ये लहान बसवा आणि फोटो काढतानाच त्यासाठी मोकळी जागा सोडा.

देवनागरीची यात स्वतःची एक अडचण आहे. शिरोरेषा ही कव्हरवरची एक ठळक आडवी रेघ असते. फोटोत समुद्राचं क्षितिज, भिंतीची कड किंवा सतारीची आडवी दांडी असेल आणि नाव त्याच उंचीवर आलं, तर दोन रेघा एकमेकींना कापतात आणि नाव फोटोत बुडतं. इंग्रजी कव्हरांचे साचे जसेच्या तसे वापरले की हे नेहमी होतं, कारण रोमन लिपीला ही रेघच नाही. वेलांट्या आणि मात्रा वर, उकार खाली, म्हणून जागाही जास्त लागते. इंग्रजी नावाच्या चौकटीत मराठी कोंबलं की वरचा रफार कापला गेलाच म्हणून समजा.

फॉन्टच्या बाजूने सगळ्यात जोरदार पुरावा म्हणजे ब्लू नोट या जॅझ कंपनीची कव्हरं. १९५०-६०च्या दशकांत रीड माइल्स या डिझायनरने तिथे तयार टाइपच वापरला, पण तो इतका मोठा, इतका तिरका-तोडका आणि इतक्या विचाराने मांडला की अक्षरांनाच ताल आला. सोबत फ्रान्सिस वुल्फचे काळे-पांढरे फोटो, बहुतेकदा एकाच रंगात बुडवलेले आणि निर्दयपणे कापलेले. माइल्सला स्वतःला जॅझचं फारसं वेड नव्हतं म्हणतात. तेव्हा फॉन्ट म्हणजे आळस, हे खरं नाही. फॉन्ट निवडून मधोमध ठेवून देणं, हा आळस.

मराठी फॉन्ट घेताना काही गोष्टी आधी तपासाव्या लागतात. ‘विठ्ठल’ टाइप करून बघा. काही फॉन्टांत ‘ठ’खाली ‘ठ’ नीट बसतो, काहींत पाय मोडलेला ‘ठ्’ आणि शेजारी दुसरा ‘ठ’ येतो. मोठ्या आकारात हा फरक डोळ्यांत खुपतो. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत की हिंदी, हेही बघा. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की आपलं रूप येतं. फोटोशॉपमध्ये पहिली वेलांटी भलतीकडे उडाली किंवा जोडाक्षरं फुटली, तर फॉन्टला दोष देऊ नका. जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय सुरू करावा लागतो. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह टाळा, शिरोरेषेला भगदाडं पडतात.

(‘विठ्ठल’ची लेटरिंग करून घेताय? मग ‘ठ’चे कमरेवरचे हात नकोत, अशी विनवणी. आषाढीला फोनवर तेवढेच येत असतात.)

एआयने काढलेल्या चित्रात नावही त्याच्याकडूनच लिहून घेण्याची नवी टूम आलीय. त्यातली देवनागरी लांबून बरी वाटते, जवळून पाहिलं की बरेचदा जोडाक्षर भलतंच निघतं. ते ना फॉन्ट, ना लेटरिंग.

एलपीचं, म्हणजे मोठ्या तबकडीचं वेष्टन साधारण ३१ सेंटिमीटरचं होतं, सीडीचं १२चं. आता गाणी ॲपवर पोचवणारे वितरक बहुधा ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी चित्र मागतात, आणि ऐकणारा ते फोनवरच्या यादीत नखाएवढं बघतो. त्या आकारात ब्रशचे बारीक फटकारे आणि अनुस्वार पहिल्यांदा जातात. ‘मंद’ नावाच्या अल्बमचा ‘मद’ होतो! उलट ‘मोदक’सारख्या गुबगुबीत फॉन्टमध्ये अक्षराच्या आतल्या पांढऱ्या चिरा मिटून नुसता गोळा दिसतो. पसंती देण्याआधी कव्हर १०० पिक्सेलवर आणून बघा, आणि नाव माहीत नसलेल्या माणसाला वाचायला लावा. ॲपमध्ये अल्बमचं नाव शेजारी छापलेलं असतंच, म्हणून फोटो दमदार असेल तर कव्हरवर अक्षर नसलं तरी चालतं. बीटल्सच्या ‘ॲबी रोड’च्या दर्शनी बाजूवर १९६९ साली ना अल्बमचं नाव होतं, ना बँडचं.

हक्कांचा हिशोबही दोन्हींचा वेगळा. फॉन्टचं तुम्ही फक्त लायसन्स घेता. ओपन फॉन्ट लायसन्सखालचे फॉन्ट व्यावसायिक कव्हरवरही फुकट वापरता येतात. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं लिहिलेले येत नाहीत. लेटरिंग ही कलाकृती असते, आणि पैसे दिले म्हणून तिचे सगळे हक्क आपोआप तुमचे झाले असं धरून चालू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखीच लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुमची गाणी पहिल्या दिवसापासून न्यू जर्सीतही ऐकली जाणार असतात, तेव्हा ‘जगभर, कायमस्वरूपी’ हे शब्द करारात हवेत.

माझं मत विचाराल तर: एकच अल्बम, एकच नाव आणि ते नाव दोन-तीन अक्षरांचं असेल, तर लेटरिंगवर पैसे घाला आणि फोटोवरचे वाचवा. दर महिन्याला एक सिंगल, म्हणजे सुटं गाणं काढणार असाल, तर एक चांगला फॉन्ट पकडून ठेवा, दर वेळी नवा फोटो लावा; तिसऱ्या गाण्यापर्यंत लोक लांबूनच ओळखायला लागतील. गायक-वादकांची नावं मात्र दोन्ही वेळा फॉन्टमध्येच.

लेटरिंगवाल्याला नाव कळवण्याआधी ऱ्हस्व-दीर्घ पक्कं करून घ्या. वितरकाकडे भरलेलं नाव आणि कव्हरवरचं नाव जुळलं नाही तर कव्हर परत येऊ शकतं. फॉन्टमधली वेलांटी मिनिटात बदलते. लेटरिंगमधली बदलायची तर अख्खा शब्द पुन्हा लिहावा लागतो, आणि त्याचं बिल वेगळं येतं.