कोकणातली सरकारी पाळणाघरं: दहा टक्के कुणी भरायचे?

अंगणवाडीची मुळं कोकण किनाऱ्यावरच सापडतात. १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं केंद्र सुरू झालं आणि तिथे व पुढे कोसबाडला, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेऊन पाहिली गेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी अंगणवाडीची सरकारी योजना आली. तिचा भर पोषण, लसीकरण आणि पूर्वशिक्षणावर होता. आई कामावर कधी जाते आणि कधी परतते, याचा विचार या योजनेत नव्हता.

कोकणात नेमकं तिथेच अडतं. अंगणवाडी भरते चारेक तास. हर्णैला मासळीचा लिलाव सकाळी होतो आणि उन्हं कलल्यावर पुन्हा होतो. वेंगुर्ला-सावंतवाडीकडे काजूगर सोलण्याचे पैसे किलोवर मिळतात, त्यामुळे मुलाला आणायला उठलं की तेवढी मजुरी बुडते. तीन वर्षांखालच्या मुलाला तर अंगणवाडीतून शिधा घरी मिळतो, पण त्याला तिथे बसवून घेत नाहीत. पूर्वी आजी असायची, असं सहज म्हटलं जातं, पण ती आजीही तेव्हा टोपली घेऊन बाजारातच असायची.

कारखाना कायद्याने १९४८ मध्ये पाळणाघराची सक्ती केली. पन्नासहून अधिक स्त्रिया असल्या तरच ती लागू होती, १९७६ मध्ये हा आकडा तीसवर आला. घरालगतच्या शेडमध्ये पंधरा-वीस बायकांवर चालणारा काजू कारखाना तेव्हाही सुटला, आजही सुटतो. अशा बायकांसाठी उरतं ते सरकारी खर्चाचं पाळणाघर.

त्याची राष्ट्रीय योजना २००६ मध्ये आली. सहा महिने ते सहा वर्षांची २५ मुलं, पालकांचं उत्पन्न महिना १२ हजारांच्या आत, चालवायला स्वयंसेवी संस्था आणि पैसा बहुतांश केंद्राचा. अनुदान तुटपुंजं होतं आणि उशिरा यायचं, तरी घडी बसली होती. जानेवारी २०१७ मध्ये ती बदलली. खर्चाची वाटणी केंद्र ६०, राज्य ३० आणि संस्था १० टक्के अशी झाली, आणि पैसा राज्यामार्फत येऊ लागला. या बदलाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा खोटा नव्हता: दिल्लीतून गावातल्या पाळणाघरावर देखरेख होत नाही, ती राज्याने करावी. पण दहा टक्के कागदावर दिसतात तेवढे हलके नाहीत. शहरातल्या संस्थेला देणगीदार मिळतो. कोळीवाड्यातल्या महिला मंडळाने तो कुठून आणायचा? पालकांकडून महिना वीस ते दोनशे रुपये शुल्क घ्यायची सोय होती, मात्र मासेमारी बंद असलेल्या पावसाळ्यात तेही निघणं कठीण. शिवाय राज्याचा हिस्सा अडकला की सेविकेचं तीन हजारांचं मानधनही अडकायचं. देशात वीस हजारांवर असलेली पाळणाघरं २०२० पर्यंत साडेसहा हजारांच्या घरात आली. यात देखरेखीत बाद झालेली बोगस पाळणाघरंही होती, असं सांगितलं जातं. असतीलही. पण त्यांच्याबरोबर बंद पडलेल्या चांगल्या पाळणाघरांतल्या मुलांची सोय कुणी केली नाही.

२०२२ च्या ‘पाळणा’ योजनेत संस्थेचा वाटा गेला. आता केंद्र ६०, राज्य ४०, आणि नवं पाळणाघर अंगणवाडीतच. २०२५-२६ पर्यंत देशात अशी १७ हजार उभारायचं ठरलं. पाळणाघरासाठी वेगळी सेविका आणि मदतनीस आहे, हे योग्यच झालं. डिसेंबर २०२३ मध्ये मानधनासाठी संपावर गेलेल्या अंगणवाडी सेविकांवरच हेही काम टाकलं असतं, तर ते टिकलं नसतं.

जागेचं मात्र कोडं आहे. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांत १५० ते ४०० वस्तीला मिळाली ती मिनी अंगणवाडी, म्हणजे छोट्या वस्तीपुरती, बहुधा एकाच खोलीची. त्या खोलीत रांगणारं बाळ झोपवायचं कुठे आणि तीन-चार वर्षांच्या मुलांची गाणी घ्यायची कुठे, हे आधी ठरायला हवं. आणि पाळणाघराचे दिवसाचे साडेसात तास कधी सुरू व्हायचे, ते बंदरावर आणि काजूच्या गावात एकच असून चालणार नाही.